नव्या बाइकचा गिअर घट्ट पडतो? पाना हातात घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा

हा लेख १०० ते १२५ सीसीच्या, पायाने गिअर टाकायच्या आणि केबलवर क्लच चालणाऱ्या नव्या मोटरसायकलींसाठी आहे. तक्रारी ठरलेल्या असतात. सिग्नलला थांबल्यावर न्यूट्रल लागत नाही, पहिला गिअर 'खाट्' करून पडतो, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना पाय जोरात मारावा लागतो. त्यावर होणारे उपायही ठरलेले असतात. कोणी क्लचची केबल ताणून घेतो, कोणी पाचशे किलोमीटर व्हायच्या आत महागडे ऑइल घालतो, कोणी 'नवी गाडी आहे, होईल मोकळी' म्हणून लाथा मारत राहतो. तिन्ही उपाय एखाद्या वेळी लागू पडतात. पण दोष कुठे आहे हे न पाहता केले, तर चांगली असलेली गोष्ट बिघडते आणि मूळ दोष तसाच राहतो.

गिअर घट्ट पडण्याची जागा चारपैकी एक असते: पायाखालचा लिव्हर, क्लच आणि त्याची केबल, ऑइल, किंवा इंजिनाच्या आतली गिअरपेटी. पहिल्या दोन जागा घरी तपासता येतात आणि बहुतेक नव्या गाड्यांचा दोष तिथेच सापडतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

तयारी

गाडीसोबत मिळालेले मॅन्युअल आधी शोधा. क्लचचा प्ले (क्लच लिव्हरची मोकळी हालचाल), चेनचा सैलपणा, ऑइलचा ग्रेड आणि पहिल्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर हे चार आकडे त्यातून कागदावर उतरवून घ्या. पुढे दिलेले आकडे या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडणारे आहेत. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

साहित्य थोडेच लागते: ८, १०, १२ आणि १४ मिमीचे पाने, पक्कड, शाळेतली १५ सेंमीची पट्टी, मार्कर पेन, टॉर्च, सुती फडके, जुना टूथब्रश, थोडे पातळ मशीन ऑइल, थोडे ग्रीस आणि सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा. ट्यूबचा तुकडा क्लच लिव्हर मुठीला बांधून ठेवायला लागतो. मदतीला माणूस असेल तर हा तुकडाही नको.

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करा. अंगण उताराचे असेल तर ऑइलची पातळी चुकीची दिसते, आणि चाक फिरवताना गाडी स्टँडवरून उतरू शकते. इंजिन थंड हवे. क्लचची केबल गरम इंजिनावर लावली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा प्ले वेगळाच निघतो.

टप्पा १: इंजिन बंद ठेवून गिअरपेटीची परीक्षा

सर्वात जास्त गैरसमज याच ठिकाणी होतो. गाडी बंद असताना, चाक स्थिर असताना गिअर टाकून पाहतात, तो पडत नाही आणि गाडीच सदोष ठरते. प्रत्यक्षात या गाड्यांच्या गिअरपेटीत गिअर एकमेकांत नेहमीच अडकलेले असतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा एका गिअरच्या बाजूचे जाड दात सरकून शेजारच्या गिअरच्या खाचेत बसतात. दोन्ही शाफ्ट थांबलेले असताना दात दातासमोर आला, तर तो खाचेत जाणार कसा? कितीही जोर लावला तरी जाणार नाही, आणि तो दोषही नाही. चाक बोटभर फिरले की तोच गिअर अलगद पडतो.

१. चावी बंद करा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा.
२. क्लच लिव्हर पूर्ण दाबून ट्यूबने मुठीला बांधा.
३. एका हाताने मागचे चाक हळू फिरवा. टायरची बाहेरची बाजू धरा. स्पोकमध्ये किंवा चेनजवळ बोटे नेऊ नका.
४. दुसऱ्या हाताने गिअर लिव्हर दाबा. पाय वापरायचा नाही. पायाला बुटाच्या तळव्यातून कळत नाही ते हाताला कळते.
५. पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत जा, मग परत न्यूट्रलला या. प्रत्येक वेळी 'टक्' जाणवला पाहिजे आणि लिव्हर सोडल्यावर स्वतःहून मधल्या जागी आला पाहिजे.

निकाल असा वाचा. चाक फिरत असताना सगळे गिअर हाताने हलके पडले, तर पेटी ठीक आहे आणि दोष क्लच, ऑइल, स्लो स्पीड (ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरण्याचा वेग) किंवा पायाच्या सवयीत आहे. लिव्हरच जड फिरतो किंवा परत येत नाही, तर टप्पा २ काळजीपूर्वक करा. बाकी सगळे पडतात आणि एकच ठरावीक गिअर प्रत्येक वेळी अडतो, तर घरी काही करू नका, सरळ टप्पा ८ वाचा.

तपासणी: ट्यूब सोडली का? क्लच बांधलेला राहिला आणि कोणी गाडी काढायला गेले, तर अपघात होईल.

टप्पा २: पायाखालचा लिव्हर

नव्या गाडीला शोरूममध्येच लेग गार्ड, साडी गार्ड, फूटरेस्टचे जाड रबर असे बरेच काही बसवून मिळते. यातले काहीही गिअर लिव्हरच्या वाटेत येऊ शकते. टाच आणि पंजा दोन्हीकडून दाबायचा लांब लिव्हर असेल, तर त्याची मागची बाजू फूटरेस्टच्या रबराला लागते का ते हमखास पाहा. लिव्हर पूर्ण खाली दाबा, पूर्ण वर उचला. दोन्ही टोकांना आजूबाजूच्या कोणत्याही भागापासून किमान १ सेंमी जागा सुटली पाहिजे. गार्डला घासल्याचा चकचकीत ओरखडा दिसला, तर चोर सापडला. गार्डचे बोल्ट सैल करून तो सरकवा, लिव्हर वाकवू नका.

नंतर लिव्हरची उंची. फूटरेस्टवर नेहमीचे पायताण घालून बसा. घोटा न उचलता पंजा लिव्हरवर ठेवता आला पाहिजे, आणि ज्या गाड्यांत गिअर वर उचलावे लागतात त्यांत पंजा लिव्हरखाली सहज शिरला पाहिजे. नेहमीचे पायताण हे मुद्दाम सांगितले. गोव्यात निम्मे वर्ष लोक चपलेवर गाडी चालवतात आणि जूनपासून गमबूट चढवतात. चपलेला बरोबर वाटणारा लिव्हर गमबुटाला बसत नाही, पंजा अर्धवट उचलला जातो आणि मग 'पावसात गिअर घट्ट होतो' अशी तक्रार सुरू होते.

उंची बदलायची असेल तर:

१. लिव्हर आणि शाफ्टच्या टोकावर मार्करने एकच सरळ रेघ ओढा.
२. लिव्हरच्या मुळाशी असलेला बोल्ट (बहुधा १० मिमीच्या पान्याचा) पूर्ण बाहेर काढा. नुसता सैल करून चालत नाही, कारण तो शाफ्टवरच्या खाचेतून जातो.
३. लिव्हर सरळ बाहेर ओढा. शाफ्टवर बारीक दाते दिसतील. टूथब्रशने लाल माती साफ करा.
४. एक दाता वर किंवा खाली करून परत बसवा. दोन दाते एकदम सरकवू नका, एका दात्यानेही फरक बराच पडतो.
५. बोल्ट खाचेतून आरपार गेल्याची खात्री करून आवळा. बारीक बोल्ट आहे, लांब पान्याने जोर लावला तर आटे जातात.

इशारा: लिव्हर निघत नसेल तर हातोडीने ठोकू नका. तो शाफ्ट इंजिनाच्या आत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला जोडलेला आहे. ठोका थेट आत पोचतो आणि ऑइल सीलही फाटते.

काही गाड्यांत लिव्हर शाफ्टवर थेट नसतो, मध्ये एक दांडी आणि दोन सांधे असतात. तिथे सांध्यांत धूळ गेली की लिव्हर जड होतो. डिचोली, साखळी, सांगे या खाणपट्ट्यात रोज फिरणाऱ्या गाड्यांत हे लवकर होते. सांधे पुसून दोन थेंब तेल पुरे. दांडीची लांबी बदलताना लक्षात ठेवा, एका टोकाचे आटे उलटे असू शकतात. पाना उलट फिरतोय असे वाटले तर जोर लावण्याआधी आटे नीट पाहा.

टप्पा ३: क्लच पूर्ण सुटतो का?

गाडी चालत असताना गिअर बरे पडतात, पण थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही: ही तक्रार असेल तर दहातल्या आठ वेळा क्लचकडेच बोट जाते. लिव्हर दाबूनही क्लचच्या प्लेटी एकमेकींपासून पूर्ण सुटत नाहीत, इंजिन गिअरपेटीला थोडे थोडे फिरवत राहते, दातांवर ताण राहतो आणि ताणाखालचा दात खाचेतून सरकत नाही.

ही परीक्षा इंजिन गरम असताना, सपाट मोकळ्या जागी करा. समोर माणूस, भिंत किंवा गाडी नको.

१. पाच मिनिटे गाडी चालवून या. थांबा, पुढचा ब्रेक दाबून ठेवा.
२. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका. 'टक्' एवढा आवाज चालेल. गाडी पुढे उसळायला नको.
३. क्लच दाबलेलाच ठेवून इंजिनाचा आवाज ऐका. गिअर टाकताच तो खाली बसला, इंजिन बंद पडेल की काय असे वाटले, तर क्लच सुटत नाही.
४. आता ब्रेक हळू सोडा. गाडी स्वतःहून पुढे सरकली तरी अर्थ तोच.

मेन स्टँडवर चाक अधांतरी ठेवून ही परीक्षा करू नका. या गाड्यांच्या प्लेटी ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, ऑइलच्या चिकटपणामुळे अधांतरी चाक क्लच दाबूनही थोडे फिरतेच. ते पाहून चांगला क्लच सदोष ठरवला जातो.

सकाळच्या पहिल्या मिनिटाचा हिशेब वेगळा. रात्रभर थंड झालेल्या ऑइलमुळे प्लेटी एकमेकींना चिकटतात आणि पहिला गिअर जोरात पडतो. सुरू करण्याआधी क्लच पाच-सहा वेळा दाबून सोडा, इंजिन अर्धा-एक मिनिट चालू द्या, मग गिअर टाका. इंधन इंजेक्शनच्या गाड्या थंड असताना स्वतःच स्लो स्पीड वाढवून ठेवतात. ते खाली येईपर्यंत थांबले की खटका निम्मा होतो.

गाडी महिनाभर उभी असेल, घेण्याआधी शोरूममध्ये किंवा पावसाळाभर घरात, तर प्लेटी अधिक घट्ट चिकटतात. इंजिन बंद ठेवून दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी जमिनीवर पुढे-मागे हलवत राहा. थोड्या वेळाने चाक एकदम मोकळे होते. एवढ्यावर तक्रार संपली तर पुढे काही उघडू नका.

टप्पा ४: क्लचची केबल

इंजिन परत थंड झाले की प्ले मोजा. क्लच लिव्हर बोटाने हलकेच ओढा. सुरुवातीला तो काही ताण न येता हलतो आणि मग केबल लागते. या मोकळ्या हालचालीला प्ले म्हणतात. तो लिव्हरच्या टोकाशी मोजायचा असतो आणि या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत १० ते २० मिमी असावा लागतो. काही कंपन्या तो लिव्हरच्या मुळाशी, फटीच्या मापात देतात, तिथे आकडा २ ते ३ मिमी असतो. ही दोन मापे एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो: टोकाला ३ मिमी प्ले ठेवला, तर क्लच थोडा दाबलेला राहू शकतो.

प्ले जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर घट्ट पडतो. कमी असेल तर गिअर लोण्यासारखा पडतो, पण क्लच घसरतो. नेमका इथेच घात होतो. केबल ताणल्यावर न्यूट्रल पटकन लागते म्हणून सगळे खूश होतात, आणि मागे माणूस बसवून चोर्ला घाट चढताना इंजिन ओरडते, गाडी मात्र ओढत नाही. तेवढ्या चढात प्लेटी जळू शकतात.

केबल लावण्याआधी तिची वाट पाहा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि दोन्ही वेळा प्ले मोजा. फरक पडला तर केबल कुठेतरी दबते आहे: हेडलाइटच्या मागे, मोबाइल होल्डरच्या पट्टीखाली किंवा लेग गार्डच्या क्लॅम्पमध्ये. अशी केबल कितीही वेळा लावली तरी प्ले टिकत नाही. आधी ती मोकळी करा. तीव्र वळण किंवा मोड दिसला तर बदलून घ्या.

आता क्रमाने:

१. लिव्हरजवळचे रबराचे टोपण मागे सरकवा. गोल लॉकनट हाताने सैल करा.
२. वरचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवा, म्हणजे पुढे बारीक फरकासाठी वाव राहील.
३. इंजिनाजवळ केबलच्या खालच्या टोकाला दोन नट असतात. एक सैल करून दुसऱ्याने प्ले १५ मिमीच्या आसपास आणा. मोठा फरक नेहमी खालीच करायचा.
४. खालचे दोन्ही नट एकमेकांवर आवळा. आवळताना माप हलते, परत मोजा.
५. उरलेला दोन-चार मिमीचा फरक वरच्या ॲडजस्टरने काढा आणि लॉकनट घट्ट करा.
६. वरच्या ॲडजस्टरची आणि लॉकनटची चीर एका रेषेत येऊ देऊ नका. एका रेषेत आल्या की पावसाचे पाणी थेट केबलमध्ये उतरते. रबराचे टोपण परत बसवा.

लिव्हर स्वतः जड असेल तर केबलला दोष देण्याआधी त्याच्या खिळीचा बोल्ट पाहा. आरसा किंवा हँड गार्ड बसवताना तो कोणीतरी जास्त आवळलेला असतो. बोल्ट काढा, पुसा, बोटभर ग्रीस लावा आणि लिव्हर सोडल्यावर टणकन परत येईल एवढाच आवळा.

नव्या केबलमध्ये तेल सोडायची सहसा गरज नसते. कोलवा, मोरजीसारख्या किनारपट्टीवर उघड्यावर राहणाऱ्या गाडीला एका पावसाळ्यानंतर ती लागते. वरचे टोक सोडवून पातळ तेलाचे थेंब खालच्या टोकाशी येईपर्यंत सोडा. ग्रीस भरू नका. आत प्लास्टिकचे अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस धूळ धरून बसते आणि केबल आणखी जड होते.

तपासणी: टप्पा ३ पुन्हा करा. मग हलक्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर उघडा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. प्ले दोन-तीन मिमीने वाढवा. पणजीत आल्तिनोचा चढ या तपासणीला पुरेसा आहे, घाटात जायची गरज नाही. नवी केबल पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसते, म्हणून आठवड्याने परत पट्टी लावा.

टप्पा ५: ऑइल

पातळी आधी. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवा, बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटे थांबा, गाडी मेन स्टँडवर सरळ हवी. डिपस्टिक पुसून परत घाला. बऱ्याच गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते. फिरवून घट्ट केली तर पातळी जास्त दिसते. काही गाड्यांत डिपस्टिकऐवजी इंजिनाच्या बाजूला काचेची खिडकी असते. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइलही वाईट: प्लेटी जास्त ऑइलमध्ये फिरतात आणि सुटायला वेळ घेतात.

ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांना १०डब्ल्यू-३० लागते, काहींना २०डब्ल्यू-५०. १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० घातले की सकाळचा खटका वाढतो. बाटलीवर जासो (JASO) एमए किंवा एमए२ असे छापलेले हवे. ही खूण म्हणजे ते ऑइल ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी तपासलेले आहे.

इशारा: घरात स्कूटर आणि बाइक दोन्ही असतील, तर स्कूटरच्या ऑइलची उरलेली बाटली बाइकमध्ये ओतू नका. स्कूटरसाठीचे ऑइल बहुधा जासो एमबी असते. स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये नसतो, त्यामुळे तिथे ते चालते. बाइकमध्ये त्याच ऑइलने क्लच घसरायला लागतो. चारचाकीचे ऑइल आणि 'गिअर स्मूथ करणारे' म्हणून विकले जाणारे मिश्रणही याच कारणाने नको.

पहिले ऑइल वेळेवर बदलणे हा या यादीतला सर्वात परिणामकारक उपाय आहे. नव्या गिअरच्या आणि प्लेटींच्या कडा एकमेकींवर घासून बसतात, तो बारीक चुरा पहिल्या ऑइलमध्ये येतो. कंपन्या पहिली सर्व्हिसिंग साधारण ५०० ते १००० किमीच्या दरम्यान ठेवतात, सोबत दिवसांचीही मर्यादा असते. जे आधी येईल ते पाळा. गाडी कमी फिरली म्हणून तारीख पुढे ढकलू नका, वॉरंटीही त्यावर अवलंबून असते. सर्व्हिसिंगला समोर उभे राहा आणि बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. हे मागण्यात संकोच नको. त्याआधी घरी ऑइल बदलण्याचे कारण नाही.

टप्पा ६: चेन आणि स्लो स्पीड

चेन जास्त ताणलेली असेल तर गिअरपेटीच्या शाफ्टवर सतत ओढ राहते. जास्त सैल असेल तर प्रत्येक गिअरला झटका बसतो आणि तो गिअरचा दोष वाटतो. न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर, चाक फिरवत चेन सर्वात ताठ कुठे होते ते शोधा. तिथे दोन स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्रांच्या) मधोमध खालची चेन वर-खाली हलवून मोजा. साधारण २० ते ३० मिमी हवी. पूर्ण झाकलेल्या चेन केसला खाली रबराचे बूच असते, ते काढून मोजता येते. बदल करायचा तर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्याच ठेवा. चाक मागे-पुढे झाल्यावर ड्रम ब्रेकचा प्लेही बदलतो, तो परत लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

स्लो स्पीड जास्त असेल तर पहिला गिअर आदळतो. या गाड्यांत गरम इंजिनाचे स्लो स्पीड बहुधा १४०० आरपीएमच्या आसपास असते. कार्ब्युरेटर असेल तर स्क्रूने कमी होते. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलजवळचा कोणताही स्क्रू फिरवू नका, ते काम सर्व्हिस सेंटरचे.

टप्पा ७: पायाची पद्धत

सगळे तपासून झाले, सगळे ठीक निघाले आणि तरी गिअर अडतो, तर पाय पाहायचा.

१. ॲक्सिलरेटर पूर्ण बंद आणि क्लच पूर्ण दाबलेला, दोन्ही एकाच वेळी. डावा लिव्हर ब्रेकसारखा दोन बोटांनी अर्धाच दाबायची स्कूटरवरून आलेल्यांची सवय इथे नडते.
२. लिव्हरवर पाय आधीच हलका टेकवून ठेवा. क्लच सुटताच गिअर त्याच दाबाने पडतो. आपटायचे नाही. लाथेने गिअर सरकवणारे आतले फोर्क वाकू शकतात.
३. 'टक्' झाल्यावरही लिव्हर क्षणभर दाबलेला ठेवा, क्लच सोडू लागल्यावर पाय काढा. अर्धवट दाबून पाय काढला की गिअर मध्येच अडकतो आणि इंजिन मोकळे ओरडते.
४. थांबण्याआधी, चाक अजून फिरत असताना खालच्या गिअरवर या. न्यूट्रल शोधायचे ते गाडी पूर्ण थांबायच्या आधी, चालण्याच्या वेगात.

चौथ्यावर थांबून, मग उभ्या गाडीत एकेक गिअर उतरवत बसणे ही सर्वात जास्त दिसणारी चूक. पर्वरीच्या कोंडीत किंवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ती दर दोन मिनिटांनी होते. तसे थांबावेच लागले तर क्लच किंचित सोडून परत दाबा आणि लगेच लिव्हर दाबा. दात जागेवरून हलतो, गिअर पडतो.

फेरीबोटीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. दिवाडीला किंवा चोडणला जाताना गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद केले, तर उतरायच्या वेळी न्यूट्रल लागत नाही, कारण गाडीचा भार दातांवर असतो. मागे रांग ओरडत असते म्हणून लोक लिव्हरवर उभे राहतात. तसे करू नका. ब्रेक सोडून गाडी वीतभर पुढे-मागे हलवा आणि हलत असतानाच लिव्हर अलगद दाबा. बोटीतून चढावर उतरताना मात्र न्यूट्रल नको, पहिल्या गिअरमध्येच क्लच धरून निघा.

तुमच्या गाडीचे गिअर कोणत्या दिशेने पडतात ते नीट माहीत करून घ्या. काहींत सगळे पंजाने खाली, काहींत पहिला खाली आणि बाकी वर. दुसऱ्या प्रकारात न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये असते, तिथे दुसऱ्यावरून अर्धा, हलका दाब दिला की ते लवकर सापडते.

टप्पा ८: सर्व्हिस सेंटरला कधी आणि काय घेऊन जायचे

खालीलपैकी एकही दिसले तर घरचे प्रयोग थांबवा:

- टप्पा १ मध्ये चाक फिरवूनही एकच गिअर अडतो
- चालताना, ॲक्सिलरेटर दिलेला असताना गिअर स्वतःहून सुटतो
- क्लच पूर्ण दाबलेला असूनही दात घासल्याचा 'कर्र' आवाज येतो
- लिव्हर मोकळा असूनही मधल्या जागी परत येत नाही
- लिव्हरच्या शाफ्टमागून ऑइल झिरपते
- पहिली सर्व्हिसिंग होऊन दोन-तीनशे किलोमीटर झाले, प्ले बरोबर आहे, तरी घट्टपणा तसाच

क्लच कव्हर किंवा इंजिनाचा कोणताही भाग बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडू देऊ नका. एकदा उघडले की वॉरंटीचा दावा अवघड होतो.

'गिअर हार्ड आहे' एवढेच सांगितले की केबल ताणून गाडी परत मिळते. जॉब कार्डवर तक्रार अशी लिहून घ्या: किती किलोमीटरला सुरू झाले, थंड की गरम इंजिनावर, उभ्या गाडीत की चालत्या, कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरवर, क्लचचा प्ले किती मिमी मोजला. मेकॅनिकला मागे बसवून किंवा स्वतः मागे बसून तोच प्रकार दाखवा. इंजिन गरम असतानाच दोष दिसत असेल, तर सकाळी गाडी सोडून जाऊ नका, थोडी चालवून गरम करूनच न्या. परत घेताना फाटकाबाहेर पडण्याआधी प्ले पट्टीने मोजा आणि जॉब कार्डाची प्रत जपून ठेवा. तोच दोष पुन्हा आला तर पुढच्या वेळी ती प्रत टेबलावर ठेवता येते.